स्पंजमावशीची अर्धी प्लेट

चहा उभ्यानेच प्यायची. दार कोपराने ढकलायची. कुणाच्याही घरी गेली तरी आधी हात धुवायची, मग विचारपूस. जंतू वाढवायच्या प्लेटच्या झाकणावर कधी लिहायची नाही, बुडावर लिहायची. झाकणं बदलतात, म्हणायची. स्वतःच्या आईच्या पायाचं ड्रेसिंग करताना मात्र शीळ घालायची.

प्रयोगशाळेत तिला सगळे स्पंजमावशी म्हणत. समुद्रातले स्पंज आणायचे, कुटायचे, त्यांच्या अंगात राहणारे जिवाणू प्लेटवर वाढवायचे, आणि त्यांतला कुठला दुसऱ्या जंतूंना मारणारं रसायन सोडतो ते पाहायचं, हे तिचं काम. "स्पंजला ना दात, ना पाय, ना कवच," ती सांगायची. "बिचारा भाडेकरूंच्या जिवावर जगतो."

आईच्या पायाची जखम मधुमेहाची. तिच्यातल्या जंतूंनी एकेक औषध पचवलं होतं. मावशीने डॉक्टरांकडून तेच जंतू मागून आणले, प्लेटवर पसरले, आणि वर स्पंजमधल्या जिवाणूंचे ठिपके ठेवले. एका पिवळ्या ठिपक्याभोवती जंतू मेले. नखाएवढा स्वच्छ गोल उमटला. तिने फोटो घरी नेला.

"हे माझ्या पायातले?"

"तुझेच."

"मेले मेले!" आई खूश झाली. "मग औषध कधी देतेस?"

"दहा-पंधरा वर्षं लागतात गं याला."

"बरं. तोवर पाय धरून बसते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आई दारातच विचारायची, "आला का गोल?"

तो पुन्हा आला नाही. ठिपक्यात पिवळ्याबरोबर आणखी एक पांढुरका, लुकडा जिवाणू होता. मावशीचा हात स्वच्छ. तिने पिवळा वेगळा काढला, पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर रेघ ओढून शुद्ध केला. पांढुरका घाण समजून जुन्या प्लेटांसकट वाफेत मारून टाकला. शुद्ध पिवळा उत्तम वाढला. पण आईचे जंतू त्याला खेटून वाढले.

मग तिच्या लक्षात आलं. शेजारी पांढुरका होता, म्हणून पिवळा विष सोडत होता. एकटा असताना कशाला सोडेल?

"शिस्तीतच केलंस तू," प्रयोगशाळेचे सर म्हणाले. "कुणीही हेच केलं असतं."

ते तिला जास्त लागलं. तो स्पंज जिथून आणला होता, त्या खडकाकडे ती पुन्हा गेली. नव्या धक्क्याचा भराव त्याच्यावर पडला होता. तसा स्पंज दुसरीकडे सापडला नाही.

मग फ्रिजमधला एकेक जिवाणू काढून ती पिवळ्याशेजारी लावून पाहू लागली. कुणाच्या तरी सोबतीने तो बोलेल, या आशेवर. आईची बोटं गेली. मग पाऊल गेलं. मग आई गेली. दारात विचारणारं कुणी उरलं नाही. मावशी थेट हात धुवायला जायची.

"आता थांबव," सर म्हणाले.

"शेजारी शोधतेय, सर. लग्न जमवण्यापेक्षा कठीण आहे."

हसले दोघंही. तिने थांबवलं नाही.

एका दुपारी ती जेवायला म्हणून उठली. जिन्यात दम लागला, म्हणून पायरीवर टेकली. ती उठलीच नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. एवढंच.

टेबलावर तिची प्लेट झाकलेली होती. बुडावर तारीख. मधोमध पिवळ्याची रेघ ओढलेली. शेजारी दुसऱ्या रेघेची जागा बुडावर मार्करने आखलेली. ती रेघ ओढायची राहिली.