कव्हरशेठचा कॉम्प्युटर

आमचा फ्रिज घरात आला त्या दिवशी त्याच्या दाराला जी पातळ निळी फिल्म होती, ती आजही आहे. कडेनं फाटलीय, हँडलपाशी काळी पडलीय, पण काढायची नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला वरून रबर. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, माझ्यावरही एखादं कव्हर घाला, म्हणजे मीही टिकेन." तर आमचे हे अगदी गंभीरपणे म्हणतात कसे, "चांगली वस्तू जपावी गं. खराब काय, कोणीही करतं." माझ्या भावानं यांचं नाव कव्हरशेठ ठेवलं ते काही उगीच नाही.

हे ड्राफ्ट्समन, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारे. उभा जन्म एकाच ऑफिसात गेला, आधी पेन्सिल-पट्टीवर आणि मग कॉम्प्युटरवर. साहेब बदलत गेले, यांची खुर्ची तीच. जिना काढावा तर यांनीच, असं साहेबसुद्धा म्हणायचे. आणि एक दिवस ऑफिसच बंद झालं. मालकाच्या मुलाला धंद्यात रस नव्हता, विषय संपला. तेव्हापासून दीड वर्ष हे घरी. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीची पँट घालून तयार व्हायचे, जायचं मात्र कुठेच नसायचं. बेल वाजली की आतल्या खोलीत. "सध्या काय चाललंय?" या एका प्रश्नाला माणूस किती घाबरू शकतो, ते मी या घरात पाहिलं. अर्ज केले, पण वय वाचलं की पुढे कोणी वाचायचंच नाही.

आणि मग एका कंपनीनं बोलावलं. बोलावलं म्हणजे घरबसल्याच. काम घरूनच करायचं, म्हणून परीक्षाही घरूनच, स्वतःच्या मशीनवर, कॅमेऱ्यासमोर. दुपारी तीन ते चार. दुसऱ्याचं मशीन चालणार नाही, हे त्यांनी दोनदा कळवलं होतं. आमच्या जुन्या मशीनवर त्यांचं नवं सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नाही. म्हणून यांनी नवा प्रोसेसर आणला, त्याच्यावर बसणारा पंखा आणला, रॅम आणली, ग्राफिक कार्ड आणलं. दुकानदार म्हणत होता, "काका, मी बसवून देतो." नाही! ते लोक धसमुसळेपणा करतात म्हणे. "माझी वस्तू माझ्या हातानं बसवीन."

मीही एक शर्ट आणला. आकाशी, बारीक रेघांचा. यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, खूश झाले, आणि कपाटात ठेवलं. "परीक्षेला जुना चालेल. काम पक्कं झालं की हा घालीन." पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

परीक्षेच्या दिवशी सकाळीच यांनी जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरला आणि त्यावर मशीन आडवं करून उघडलं. हात धुऊन, पुसून, एकेक भाग असा उचलत होते की बघत राहावं. दीड वर्षांनी माणूस शीळ घालत होता. सगळं बसवून झालं, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर मदरबोर्डच्या कंपनीची खूण आली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. आणि फट्कन सगळं बंद.

पुन्हा दाबलं. खूण आली, गेली. पुन्हा दाबलं, तर या वेळी खूणही आली नाही.

"वायर सैल असेल," हे म्हणाले. सगळ्या वायरी काढून परत लावल्या. काही नाही. दुकानात फोन केला तर नुसता वाजतोय. मग आठवलं, आज त्याची साप्ताहिक सुट्टी. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं.

मग लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी नोकरीला. कॉम्प्युटरचं तिला आमच्यापेक्षा बरंच कळतं, पण ती तिकडे आणि मशीन इकडे. उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. फोन स्पीकरवर ठेवला.

"बाबा, रॅमची एकच पट्टी ठेवा. कट्ट आवाज येईपर्यंत दाबा."

दाबली. नाही.

"ग्राफिक कार्ड काढून टाका. मॉनिटरची वायर मागे बोर्डालाच लावा."

लावली. खूण आली, मी देवाचं नाव घेतलं, खूण गेली.

"बोर्डावर नाण्यासारखा गोल सेल असेल. तो काढा, थोडं थांबा, परत बसवा."

तेही केलं. सेल काढताना यांच्या हातातून सटकला आणि फ्रिजखाली गेला. आम्ही दोघं जमिनीवर पालथे, एकमेकांच्या डोक्याला डोकं आपटून. हे म्हणाले, "सॉरी." कुणाला म्हणाले कोण जाणे, मला की सेलला.

दुपार झाली. पोळ्या तशाच गार पडल्या. यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजलेली. लेक म्हणाली, "बाबा, मला मीटिंगला जावं लागतंय, दहा मिनिटांत करते फोन." हे खुर्चीवर टेकले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या उघड्या डब्याकडे बघत राहिले. हात थरथरत होते. ज्या हातांनी केसाएवढी रेघ सरळ काढली, ते हात.

"जुनं सगळं परत बसवा ना," मी म्हटलं.

"जुन्यावर त्यांचं सॉफ्टवेअर उघडत नाही."

"मग त्यांना फोन करा. सांगा, उद्या देतो परीक्षा."

"आणि काय सांगू? की मला माझं मशीन लावता येत नाही?" यांचा आवाज चिरका झाला. "अगं, मशीनचं काय घेऊन बसलीस. मीच बंद पडलोय. दीड वर्ष झालं, कोणी बटण दाबलं की थोडा वेळ पेटतो, नि बंद."

हा माणूस इतक्या वर्षांत असं कधी बोलला नव्हता. समजूत घालायची सोडून मी भडकले. मला तेवढंच येतं. "काहीतरी बोलू नका! चहा करते, तो प्या, आणि परत दाबा ते बटण!"

चहा झाला. यांनी बटण दाबलं. आणि या वेळी मशीन चांगलं चाललं. खूण आली, खाली अक्षरं आली, गोल गोल फिरायला लागलं, आणि मग बंद. लगेच पुन्हा दाबलं तर लगेच बंद.

"अहो," मी म्हटलं, "हे तर आपल्या मिक्सरसारखं करतंय. तापला की बंद, गार झाला की चालू."

तेवढ्यात लेकीचा फोन. तिला मिक्सरचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बरोबर आहे तुझं. प्रोसेसर तापतोय. बाबा, पंख्याखाली उष्णता ओढणारी पेस्ट लावायची असते, ती लावली होती?"

"लावली. वाटाण्याएवढी. पुस्तिकेत सांगितली तशीच."

"पंखा घट्ट आहे?"

"चारही स्क्रू घट्ट."

"मग... बाबा, पंख्याच्या बुडाला प्लास्टिकची पातळ फिल्म असते. ती राहिली तर उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. काढली होती ना?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली.

"बाबा?"

"पाहिली होती मी," हे हळू म्हणाले. "म्हटलं, राहू दे. नवं आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात इतकं आलं होतं, इतकं, की फ्रिजपासून रिमोटपर्यंत आयुष्यभराचं उट्टं निघालं असतं. पण समोर तो चेहरा. मी मूग गिळले आणि स्क्रू ड्रायव्हर यांच्या हातात दिला.

पंखा निघाला. बुडाला फिल्म होती, पेस्टनं माखलेली. त्यावर लिहिलं होतं की बसवण्याआधी काढा. यांनी ती नखानं सोलली, जुनी पेस्ट पुसली, ट्यूब पिळून उरलेली लावली, पंखा बसवला. घड्याळात तीन वाजून गेले होते. बटण दाबलं. खूण आली, अक्षरं आली, आणि चालूच राहिलं. वरातीमागून घोडं, पण घोडं उभं राहिलं.

मी कपाटाकडे धावले. ते पाकीट टरकन फाडलं, टाचण्या उपसल्या. "घाला!"

"अगं, तो काम पक्कं झाल्यावर..."

"घाला म्हणते ना! घामेजलेल्या शर्टात बसणार आहात त्यांच्यासमोर?"

घातला. छातीवर घड्यांच्या चौकोनी खुणा. यांनी खोलीचं दार लोटलं आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतून कुणाचा तरी तरुण आवाज आला, "काका, अर्धा तास गेला. उशीर का झाला?" हे म्हणाले, "मशीनमध्ये अडचण होती. पंख्याखालचं प्लास्टिक काढायचं राहिलं होतं." आणि आत तीन-चार माणसं हसली. मनापासून हसली. मग मला यांचंही हसणं ऐकू आलं, बारीक, त्यांच्या सुरात सूर मिसळल्यासारखं. मला वाटलं, आत जावं आणि त्या कॅमेऱ्यावर लाटणं मारावं.

चार वाजता हे बाहेर आले.

"जिना काढायला दिला होता, अर्धा राहिला," म्हणाले. "वरची वळणाची पायरी राहिली."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, वेळेत पूर्ण करणारे लोक त्यांना मिळालेत. पुढे कधी जागा निघाली तर कळवू."

हे आत गेले. पलंगावर पडले असतील म्हणून थोड्या वेळानं बघायला गेले, तर शर्ट काढून पलंगावर पसरलेला. हे बनियनवर बसून त्याची घडी घालत होते, आधीच्याच खुणांवर, बाहीवर बाही, कॉलरखाली पुठ्ठा. फाटलेलं पाकीट चिकटपट्टीनं जोडून बाजूला ठेवलं होतं.

"काय करताय?"

"अर्धाच तास अंगात होता," हे म्हणाले. "मळलेला नाही. पुढच्या वेळी लागेल."

ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं ज्यावरून भांडले, तेच समोर चाललं होतं. पण यांचे हात पाहिले. दुपारी थरथरणारे ते हात आता एकदम स्थिर होते. मी पलंगावर यांच्याशेजारी बसले.

"हो," म्हटलं. "पुढच्या वेळी लागेलच."

मघाशी उपसलेल्या टाचण्या चादरीवर विखुरल्या होत्या. त्या मी गोळा केल्या आणि एकेक करून यांच्या हातात देत राहिले.