पायाळू आणि आयरिश सोनं

साठच्या दशकात मी जर्मनीत, गार्चिंगला पीएच.डी. करत होतो. जेवायला आमच्या टेबलावर एक आयरिश संशोधक असायचा. त्याच्या गावाबाहेर म्हणे प्राचीन दगडांचं वर्तुळ होतं. त्याखाली सोनं पुरलेलं, आणि खणणाऱ्याची गुरं मरतात!

आमचे पुणेकर सर, मोठे भौतिकशास्त्रज्ञ, खो खो हसले. बटाटे गार होईपर्यंत त्यांनी त्याला अंधश्रद्धेवरून झापलं. मला मनातून संताप आला. गेल्याच हिवाळ्यात सरांच्या कमरेत उसण भरली, तेव्हा मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला, म्हणून यांनीच मला कमरेला पाय लावायला सांगितला होता.

शेवटी सरांनी सहज विचारलं, "त्या धनावर नाग असेल ना?"

"आमच्या देशात सापच नाहीत," तो म्हणाला.

सरांनी गार बटाटे भराभर संपवले. परतताना बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. जर्मनांना कुठलं मराठी कळतंय, तरी आवाज खाली आणून म्हणाले,

"पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. तिथे राखणीला नाग नाही. आणि मरायला आपल्याकडे गुरं आहेत कुठे?"