मास्तरीण बरडीवर चढली

पौषातली सकाळ. थंडी अशी की गोठ्यातल्या बकऱ्या एकमेकींवर रेलून उभ्या होत्या आणि त्यांच्या नाकपुड्यांतून किटलीसारखी वाफ निघत होती. भिकुबाईनं पदर कानाभोवती आवळला, हातातल्या खराट्यानं लेंड्या लोटत निघाली आणि सवयीनं एकेका पाठीवर थाप मारत शेवटच्या खुंट्याशी आली. तिथं थाप मारायला पाठच नव्हती. खुंटा होता, कुरतडलेलं दावं होतं, मास्तरीण नव्हती.

मास्तरीण म्हणजे कळपातली काळी बकरी. कायम पुढं, मान ताठ, नजर साऱ्यांवर. नाव सुनेनं, सारिकानं ठेवलेलं.

तेवढ्यात तिच्या गळ्यातली घंटी वाजली. लांबून, वरून. थेट बरडीवरून.

"मरनी वं माय मी आते!" खराटा तिथंच टाकून भिकुबाई अनवाणीच पळाली.

एक बकरी टेकडीवर गेली तर एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्याला मागचा उन्हाळा कारण होता. होळीनंतर गावामागची ती बरडी पेटली. कुणाची विडी, कुणाची काडी, देव जाणे. गवत तर गेलंच. अंजन, सलई, पळस, धावडा, सगळं काळंठिक्कर पडलं. बरडी मेली, असं गाव म्हणालं. भिकुबाईही म्हणाली. तिच्या बकऱ्यांचा उन्हाळ्यातला पाला सगळा तिथला. आता कळप विकायचा की काय, असं तिला झालं.

मग वैशाखात, आभाळातून टिपूस नाही अशा उन्हात, ती जळकी लाकडं बघायला वर गेली. मनगटाएवढ्या एका अंजनाच्या बुडाशी तिला काहीतरी तांबूस चमकलं. राख सारून बघते तर पानं! कोवळी, तांब्याच्या रंगाची, तान्ह्या पोराच्या कानासारखी. वरचं खोड मेलं होतं, पण आगीची धग मुळापर्यंत पोचलीच नव्हती. पळसाच्या बुडाशी तेच, धावड्याच्या बुडाशीही तेच. भिकुबाई हसत हसत खाली आली तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

त्याच आठवड्यात पारावर गाव बसलं. फुटवा बकरीनं एकदा खुडला की त्याचं वर्ष गेलं; वरचेवर खुडत गेली तर मूळही दमतं. म्हणून ठरलं, की फुटवे जनावराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत बरडीवर कुऱ्हाड नाही, चराई नाही. गवत विळ्यानं कापून डोक्यावर आणायचं. म्हणजे गोठाही भरेल आणि पुढच्या उन्हाळ्यात आगीला खायला काही उरणार नाही. जो मोडेल त्यानं गावाला भरीत-भाकरीचं जेवण घालायचं.

राखणदार कोण? गावात ज्यांचा शब्द चालतो ते अभिमन आबा मिशीतल्या मिशीत हसले. "बठ्ठास्ना आधी भिकुबाईन्या बकऱ्या वर जातीन. तिलेच राखनदार करा, काम मिटनं!"

पार हसून लोळला. भिकुबाई फणकाऱ्यानं उठली. "करसूच मी! देखा मंग!"

आणि तिनं केलं. पावसाळाभर तिच्या तोंडाचा पट्टा बरडीच्या पायथ्याशी चालू राहिला. शेजारच्या प्रेमराजच्या गायी तर तिनं नुसत्या ओरडण्यानं नाल्यावरून माघारी धाडल्या. दिवाळीपर्यंत फुटवे कमरेला आले.

आणि आज तिचीच मास्तरीण त्याच पहिल्या अंजनाशी मागच्या दोन पायांवर उभी होती. सगळ्यांत उंच फुटव्याचा शेंडा तिच्या तोंडात होता.

"शाळा बुडाई आठे काय करस वं, रांडे?" भिकुबाईनं तिचा कान धरला. शेंडा गेला होता, बाकीचे फुटवे शाबूत होते. तिनं बकरीला ओढत खाली आणलं. अजून कुणी उठलेलं नसेल, या भरवशावर.

नाल्यावर प्रेमराज दात घाशीत उभा होता.

"राम राम, अक्का. मास्तरीननी शाळा आज वर भरनी का?"

"तुले काय करनं शे?"

"माले? काहीच नई. मी काही देखंच नई." त्यानं चूळ भरली, आभाळाकडं बघितलं. "उद्या मन्या गायी वर जातीन, तवय तुमीबी काही देखू नका. व्हयनं!"

भिकुबाईनं बकरीचा कान आणखी घट्ट धरला. हो म्हटलं तर सुटली असती; गावजेवणही वाचलं असतं आणि नाकही. पण उद्या प्रेमराजच्या गायी, त्या बघून परवा पलीकडच्या मोतीलालची गुरं, आणि महाशिवरात्रीपर्यंत बरडीची हजामत. मग वैशाखात ती तांबूस पानं कुठं शोधायची?

"प्रेमराज, तुना वावरमा भरितना वांगा शेतस ना?"

"शेतस."

"मंग तोडाले लाग. आज सांजले मनाकडथून गावले भरीत शे. मनी बकरी वर गयती."

प्रेमराजचा चेहरा पडला. "अक्का, मी गंमत करी राह्यंतू."

"मी नई करत."

संध्याकाळी खळ्यावर, नाल्याच्या अलीकडं, पाण्याचे हंडे शेजारी भरून ठेवून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली. सारिकानं मिरच्या-लसूण ठेचला, बायांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, कांद्याची पात पडली, शेंगदाणे पडले. गाव झाडून आलं.

"राखनदारनीलेच पहिला दंड!" अभिमन आबांनी सुरुवात केली.

"मंग काढा माले," भिकुबाई वाढता वाढता म्हणाली. आवाज कडक होता, पण पळी हातात थबकली होती.

आबांनी बोटं चाटली. "काढीसन कसं चालई? सोताना बकरीनं नाव कोन सांगस? तूच ऱ्हाय. फक्त मास्तरीनले नीट बांध." मग जरा थांबून, "नई बांधी तरी चालई. भरीत बेस व्हयनं."

खळं खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यानं प्रेमराज हसला. त्याची तिसरी भाकर चालू होती.

दुसऱ्या सकाळी प्रेमराजच विळा घेऊन दारात उभा. "अक्का, गायीस्ले गवत लागस."

"खालतल्या अंगनं काप. अंजनपास जाऊ नको."

तो गेला. भिकुबाईनं मास्तरिणीला दुहेरी दाव्यानं बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. बकरी मान ताठ करून तिच्याकडं बघत होती, जणू चूक हिचीच.

"देखू नको अशी," भिकुबाई म्हणाली. कालच्या लेंड्या अर्ध्या गोठ्यात तशाच पडल्या होत्या. तिनं खराटा उचलला.