सशांच्या रक्तातली साखर

उभ्या खानदेशात कुणालाही न घाबरवण्याचं व्रत घेतलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. ऐंशीच्या दशकात मी एरंडोलहून धुळ्याला अक्काकडे शिकायला गेलो, तेव्हा भाऊजी कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करत होते. भूल हुंगवली की सशाच्या रक्तात काय बदलतं, हा विषय. भुलीच्या इथरने रक्तातली साखर वाढते, पण ससा नुसता घाबरला तरी वाढते. म्हणून भूल देण्याआधी ससा निर्धास्त हवा, नाहीतर आकडे फुकट. आता हे सगळं प्रयोगशाळेत ठेवून घरी येतील तर ते भाऊजी कसले. स्कूटरचा हॉर्न ते वाजवत नसत, त्यामुळे आग्रा रोडवर त्यांच्या मागे बसणं म्हणजे जिवाशी खेळ होता. सशांना ओळखीचा वास हवा म्हणून रोज एकच शर्ट, आणि तो साबणाने धुवायची अक्काला बंदी. "सवत परवडली असती," अक्का म्हणायची, "तिनं तरी हा शर्ट धुवायला लावला असता."

कॉलेजात ते शुद्ध मराठी बोलत, सशांशी मात्र आपल्या आईच्या अहिराणीत. मांडीवर घेऊन पाठ कुरवाळत, "डरू नको माय, काही व्हनार नही," असं म्हणत कानाच्या शिरेतून रक्त घेत आणि मग नाकाशी इथरचा बोळा धरत.

पुढे पुढे बोळा धरण्याआधीच साखर चढलेली दिसू लागली. भाऊजींनी रसायनं बदलली, खाणं बदललं, काही उपयोग होईना. मग ते तापाने पडले आणि सहकाऱ्याने रक्त घेतलं, तर साखर अगदी बेताची. बरे होऊन भाऊजींनी घेतलं, पुन्हा चढलेली. त्या शर्टामागून, त्या गोड बोलण्यामागून इथर येतो, हे सशांना पक्कं कळलं होतं.

"अहो, पहिलं रक्त दुसऱ्याला घेऊ द्या, काम होऊन जाईल," गाइड म्हणाले. बढती या पीएचडीवरच अडली होती. अक्काने रडून पाहिलं. भाऊजी एवढंच म्हणाले, "मी त्यांच्याशी खोटं बोलत होतो. त्यांनी ओळखलं." प्रबंध तिथेच राहिला, बढतीही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका दिवाळीत माझी धाकटी मुलगी धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. तिच्या पाठीकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला आणि खुर्चीच्या दांडीवर परतला. "हिला माझी भीती तर नाही ना वाटत?" त्यांनी हळूच विचारलं. नाही म्हणालो, पण त्यांना ते पटलं नाही. मला फार वाईट वाटलं. पोर तोवर त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती, आणि त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच होते.