प्रोजेक्टरची बॅटरी आणि आतोबांचा फेटा

आमच्या प्रोजेक्टरची बॅटरी बदलायची काहीही गरज नव्हती. हे मला घरातल्या सगळ्यांनी सांगितलं, पण बदलून झाल्यावर.

प्रोजेक्टर म्हणजे हल्ली शाळेत छताला लटकलेला दिसतो तो डब्याएवढा नव्हे. आमचा आडव्या केलेल्या गव्हाच्या कोठीएवढा, आणि उचलायला तिच्यापेक्षा जड. माझे वडील, म्हणजे अण्णा, एकेकाळी आमच्या धाड गावात बाजाराच्या दिवशी व्हिडिओवर सिनेमे दाखवायचे, तेव्हाचा. तोंडावर तीन भिंगं, लाल, हिरवं आणि निळं, आणि प्रत्येक भिंगामागे जुन्या टीव्हीसारखी काचेची नळी. तिन्ही नळ्या आपापल्या रंगाचं चित्र भिंतीवर फेकतात. ती तिन्ही चित्रं बरोबर एकावर एक बसली की माणसं माणसांच्या रंगाची दिसतात. (नाही बसली तर काय दिसतं ते पुढे येईलच.) घरोघरी डिश आली, अण्णांचा धंदा बसला आणि प्रोजेक्टर आमच्या बैठकीत येऊन राहिला. त्याच्यावर चादर पडली, चादरीवर लोणच्याची बरणी आली, बरणीशेजारी इस्त्रीचे कपडे. पाहुण्यांना ते दिवाण वाटायचं. एकदोघं बसलेही होते.

तर हे यंत्र पुन्हा सुरू करायची वेळ आली ती माझ्या आत्यामुळे.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, साखरखेर्ड्याला दिलेली. माझं लग्न झालं त्या दिवसापासून तिनं आमच्या घरात पाय ठेवलेला नव्हता. कारण फेटा. लग्न लागलं देऊळघाटला, माझ्या सासरी. मानाच्या माणसांसाठी लाल फेटे अण्णांनी स्वतः नेले होते. आत्याचं म्हणणं, सगळ्यांना फेटे बांधले, फक्त तिच्या नवऱ्याला, म्हणजे आतोबांना, बोडखं बसवलं. अण्णांचं म्हणणं, "म्या सोता बांधायले लावला." त्यावर ती मांडवातून जी उठली ती उठलीच.

पुरावा होता. लग्नाची कॅसेट होती. पण टीव्हीवर त्या एका दृश्यात आतोबा दिसायचे आगपेटीतल्या काडीएवढे. अण्णा म्हणायचे, काडीला गूल आहे. आत्या फोनवर म्हणायची, नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा आजारी पडले आणि त्यातून उठले. उठल्यावर पहिलं बोलले ते असं:

"दिलीप, थे मशीन सुरू कर. तिले मोठ्या पडद्यावर दाखवतो. मंग मले काही झालं तरी चालते."

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "भिंतभर दाखवत असशीन त येतो. दूरून पाहीन, चहा नाही घेणार."

आता थोडं माझ्याबद्दल. मी धाडला मोटारी भरतो. म्हणजे शेतातल्या पंपाची जळालेली मोटार उघडायची आणि तिच्यात नवी तार गुंडाळायची. या कामात माझा हात चांगला आहे आणि त्यामुळे विजेवर चालणारं सगळंच मला येतं असा माझा फार दिवसांचा समज होता. प्रोजेक्टर सुरू करून पाहिला. चित्र आलं, पण मळकं, आणि थंडी वाजल्यासारखं थरथरणारं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. परदेशात अशी मशीनं जीव लावून सांभाळणारे लोक आहेत. त्यांच्याकडून समजलं की आतले वीज साठवणारे कपॅसिटर वाळून गेले असणार, ते काढून नवे, चांगल्या प्रतीचे लावले की चित्र सुधारतं. कपॅसिटर तर मी रोज हाताळतो. पंपाच्या मोटारीला असतोच की.

"तुम्ही हे दुकानात काऊन नाही नेत?" वंदनानं विचारलं. वंदना माझी बायको.

"कोणत्या दुकानात?"

"तुमचं सोडून कोणत्याही."

मी बैठकीत जुनं लुगडं अंथरलं आणि कामाला बसलो. बरणी, कपडे, चादर सगळं खाटेवर गेलं आणि खाट अंगणात गेली. एकेक हिरवी सर्किटची पाटी बाहेर काढायची, जुना कपॅसिटर उकलायचा, नवा शिशाचा डाग देऊन बसवायचा. मोटारीच्या कपॅसिटरला उलटं-सुलटं नसतं, कुठूनही जोडा. या छोट्या कपॅसिटरना असतं. हा फरक मला वाचून नाही, आवाजावरून कळला. पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा आत असा बार झाला की अण्णा पलंगावर उठून बसले आणि शेजारच्यांनी विचारलं, आज काय आहे तुमच्याकडे. बैठकभर कागदाचा भुगा उडाला आणि सडलेल्या मासळीसारखा वास पडद्यांत जाऊन बसला. आमच्या घरात अंडंही शिजत नाही. वंदना दोन्ही दारं उघडी टाकून माहेरी फोन करत उभी राहिली.

पण मी हटलो नाही. तो बदलला, बाकीचे तपासले, चित्र सरळ ठेवणाऱ्या पाटीवरचे जुने चिपही काढून चांगले बसवले. पुन्हा बटन दाबलं. आणि भिंतीवर असं चित्र आलं की मी स्वतः दोन पावलं मागे सरलो. स्वच्छ, भरदार, जरासुद्धा न हलणारं. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "नवं होतं तवाबी असं नव्हतं."

अण्णांनी माझं असं कौतुक याआधी केलं होतं ते मी दहावी पास झालो तेव्हा. तिथंच थांबायला हवं होतं.

आत्या दुसऱ्या दिवशी यायची होती. सकाळी झाकण लावता लावता मला आत एका कोपऱ्यात छोटी गोल बॅटरी दिसली. जुनी, कडेला हिरवट पडलेली. मनात आलं, सगळं नवं केलं, हीच काऊन जुनी ठेवायची? काढली, नवी लावली. अगदी सुबक डाग दिला.

ती बॅटरी म्हणजे मशीनची आठवण होती. तिन्ही रंग कुठं, किती, कसे बसवायचे हे सगळं मशीन त्या बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवत होतं. मी ती काढली त्या क्षणी ते सगळं विसरलं. हे मला कळलं तेव्हा आत्याची जीप अंगणात लागली होती.

मे महिन्यातली दुपार. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना ट्रॅक्टरची ताडपत्री ठोकलेली. आत आम्ही पाच माणसं आणि शेगडीसारखी आग ओकणारं ते मशीन. आत्या उंबऱ्याशी थबकली, पदर सावरला आणि कोणाकडेही न पाहता भिंतीसमोर बसली. आतोबा दाराजवळच्या खुर्चीत बसले, फटीतून वारा येत होता म्हणून. ते आता बरेच थकलेत, ऐकायला कमी येतं. वंदनानं चहा आणला. आत्यानं कप बाजूला सरकवला.

"लाव," अण्णा म्हणाले.

मी लावलं. भिंतीवर माझं लग्न तीनदा लागत होतं. एक लाल दिलीप डावीकडे, एक हिरवा मधे, एक निळा वरच्या बाजूला, छताकडे निघाल्यासारखा. लाल वंदनानं हार घातला तो हिरव्या माणसाच्या गळ्यात पडला. निळे भटजी माझ्या सासूबाईंच्या डोक्यावर उभे होते.

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"सेटिंग राह्यलं," मी म्हणालो. "आत्ता होते."

"दादा, तुले दाखवायचं नसन त तसं सांग. मले इतक्या दूरून उन्हातान्हात काऊन बोलावलं?"

मी अण्णांचा चेहरा पाहिला. आजारपणातही हा माणूस एवढा खचलेला दिसला नव्हता. मी रिमोट घेतला आणि भिंतीला नाक लावून बसलो. रिमोटवर एकेक रंग निवडून थोडा थोडा सरकवता येतो. आधी निळा खाली आणला. बसला. हिरव्याला हात लावायची गरज नव्हती. आता फक्त लाल उरला होता, तो अजून एका माणसाएवढा डावीकडे होता.

"थांब," अण्णा एकदम म्हणाले. "इथंच थांबव."

कॅसेट थांबवली. तेच दृश्य होतं. मांडवातल्या खुर्च्या, त्यावर मानाची माणसं. माझे सासरे आणि त्यांच्या डावीकडे आतोबा, आता काडीएवढे नाहीत, चांगले हातभर. आणि आतोबांच्या डोक्यावर लाल फेटा. तुरा काढलेला, ऐटदार, लालभडक.

आत्या उठली, भिंतीजवळ गेली, तिनं हात लावून पाहिलं. मग तिचा आवाज आला, बारीक.

"आहे रे दादा. फेटा आहे."

अण्णांनी नुसती मान हलवली. आत्या त्यांच्या पायाशी बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "म्या इतके वर्षं तुले खोटं ठरवलं," ती म्हणाली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाजूला सरकवलेला कप वंदनानं पुन्हा तिच्याजवळ ठेवला आणि आत्यानं तो उचलला.

हे सगळं मला वंदनानं नंतर सांगितलं. माझी पाठ होती तिकडे. मी भिंतीवर पाहत होतो आणि मला एवढंच दिसत होतं की माझ्या सासऱ्यांचं डोकं काळं येतंय, दाट केस असल्यासारखं. माझे सासरे मला माहीत आहेत. त्यांच्या डोक्यावर तेव्हाही केस नव्हते. म्हणजे लाल अजून सरकायला हवा होता.

"थांबा, जरासं राह्यलं," मी म्हणालो.

"राहू द्या ना," वंदना म्हणाली. तिनं माझा शर्ट मागून ओढला. मी तो सोडवून घेतला.

"एवढं केलं त पूर्ण करतो ना."

मी बटन दाबून धरलं. लाल रंग उजवीकडे निघाला. आतोबांच्या डोक्यावरचा फेटा हळूच उचलला गेला, दोन खुर्च्यांमधल्या मोकळ्या जागेतून तुऱ्यासकट सावकाश पलीकडे गेला आणि माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर अलगद बसला. तिन्ही रंग जुळले. एका रेघेचाही फरक नाही. असं चित्र त्या मशीननं जन्मात दिलं नसेल. आतोबांच्या बोडख्या डोक्यावरचा भांगसुद्धा मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

मी वळलो आणि म्हणालो, "आता पहा."

ते पाहतच होते.

आत्यानं कप खाली ठेवला. अण्णांचा हात अजून तिच्या डोक्यावर होता, तो त्यांनी काढून मांडीवर घेतला. मला वाटलं, आत्ता हे मशीन पुन्हा एकदा बार करेल तर किती बरं होईल.

"हे पहाय," आत्या आतोबांकडे वळून मोठ्यानं म्हणाली. "पाह्यलं का? बोडखे. तुम्हीच बोडखे."

आतोबांनी चष्मा लावला. बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव. थो माह्यावाला फेटा आहे."

"कोणता?"

"इवायाच्या डोक्यावरचा. मले बांधला होता ना दादांनं. मंग पाह्यतो त फेटे सरले आन् पोरीचा बाप बोडखा. बरं दिसते का थे? म्या काढला, त्यायले देला."

अण्णा वाकून पुढे आले. "तुम्ही सोता देला?"

"त मंग. तसंबी लय उकडत होतं."

आत्या आतोबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आन् म्या मांडवात एवढी भांडली, माहेर सोडलं, तवा तुमच्या तोंडाले काय झालं होतं?"

"तू भांडत होती तवा मी पंगतीत होतो," आतोबा म्हणाले. "मंग मले कोणी इचारलंच नाही."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून आतोबांना जे काही सुनावलं ते त्यांना फारसं ऐकू गेलं नसावं, कारण ते मधेच म्हणाले की जेवायला काय आहे. आत्या स्वयंपाकघरात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेली, तरी डबे कुठं आहेत ते तिला वंदनाला विचारावं लागलं नाही. रस झाला, शेवया झाल्या. अण्णांनी दोनदा मागून घेतलं. मी ताटावर बसलो तेव्हा मनात मोकळं वाटलं, की चला, उलट्या वाटेनं का होईना, माझ्या हातून एक चांगलं काम झालं.

जेवणं झाल्यावर आत्याच म्हणाली, "आता एवढं साफ दिसून राह्यलं त अख्खं लग्नच पाहू."

लावलं. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती. एका बाजूला वंदना, खाली मान घालून. दुसऱ्या बाजूला मी, भिंतीएवढा, डोळ्याची पापणीही दिसावी असा. अंतरपाट खाली गेला. वंदनानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आणि मी व्हिडिओवाल्याच्या दिव्याकडे पाहत होतो. नुसता पाहत नव्हतो, मान वाकडी करून त्याची वायर कुठून आणली आहे ते बघत होतो. भटजींनी कोपर मारलं तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की समोर नवरी उभी आहे.

टीव्हीवर हे कधीच दिसलं नव्हतं.

बैठकीत कोणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. वंदनानं पदरानं घाम पुसला आणि शांतपणे विचारलं, "अहो, याले परत अंधुक करता येते का?"

मी म्हणालो, येते, जुने कपॅसिटर अजून डब्यात आहेत. आणि खरं सांगतो, तिचा प्रश्न मला तेव्हाही वायरिंगचाच वाटला होता.