दोनशे डिग्रीचा लसूण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या! गोंधळ मीच घातलाय, पण मान खाली घालून सांगणार नाही हं!

अमेरिकेत ॲन आर्बरला मी पीएचडी करते. काम काय, तर चिकणमातीत सेंद्रिय रसायन मिसळायचं, त्यातलं चिमूटभर मशीनमध्ये तापवायचं आणि किती डिग्रीला किती वजन घटतं ते बघायचं. या वेळी माझ्या आलेखात दोनशे डिग्रीजवळ भलताच खड्डा आला. प्रोफेसर म्हणाले, "कंटॅमिनेशन. भलतंच काहीतरी मिसळलंय." मी म्हटलं, "छे! नवा शोध!" कॉन्फरन्सला पाठवायचा होता ना!

मशीन चालूच होतं. तेवढ्यात लॅबमधला केव्हिन नाक वर करून म्हणाला, "स्नेहा, इज दॅट गार्लिक? युअर लंच?"

माझं डोकंच फिरलं. वास आला की आमचाच डबा दिसतो काय यांना? आणि डब्यात होता दहीभात! दुपारी सगळ्यांना ईमेल आला, लॅबमध्ये जेवण आणू नये. मी काय गप्प बसणारी आहे? रिप्लाय-ऑल! दीड पान! त्यात 'भेदभाव' चार वेळा!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मशीनपुढे उभं केलं. "डबा घरी ठेवून आलेय. आता तुमच्यासमोर सॅम्पल रन करते. खड्डाही खरा आणि मीही खरी!"

दीडशे... एकशे ऐंशी... दोनशे! रेघ घसरली. आणि मशीनच्या नळीतून काय खमंग वास सुटला म्हणता! लसणाची चटणी!

प्रोफेसरांनी शांतपणे विचारलं, "ही माती कुटलीस कशात?"

आता आली का पंचाईत? लॅबचा खल केव्हिनने अडकवून ठेवला होता, म्हणून मी घरचा दगडी खलबत्ता वापरला. दर रविवारी ज्यात लसणाची चटणी कुटते तोच. तीनदा धुतला होता, बरं का! पण दगडात मुरलेलं तेल मातीने ओढून घेतलं. सेंद्रिय काही मिळालं की माती ते घट्ट धरून ठेवते. माझ्या संशोधनाचा विषयच तो!

कॉन्फरन्स बोंबलली. केव्हिनला तिथल्या तिथे सॉरी म्हटलं.

"वास छान आहे पण," प्रोफेसर म्हणाले. "तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?"

"माती खाणं," मी फणकारले.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "माटी खाना! ग्रेट! शुक्रवारी पॉटलकला सगळे एकेक पदार्थ आणतायत, तू हा आणशील?"

"आणते की," म्हटलं, "माती खायला मी कुणाला भिते काय!"