बाळंतिणीच्या खोलीवरची इरली

किहीमला आमच्या घरावर मंगलोरी कौलं चढवून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तीस सालाच्या जरा आधीची गोष्ट. भातं कापून झाली होती, आणि ऐन कार्तिकात समुद्रावरून तुफान आलं. सकाळीच माजघरावरची पश्चिमेची कौलं उडाली आणि आत घोटाभर पाणी साचलं. ओटीवर उभं राहवत नव्हतं. कोरडी अशी एकच खोली उरली, बाळंतिणीची.

तिथे माझी थोरली मुलगी होती आणि तिचा चार दिवसांचा मुलगा. आठव्या महिन्यातच जन्मलेला, ओंजळीत मावेल एवढा. रडायचा तोही मांजराच्या पिलासारखा. सुईण बजावून गेली होती, "शेगडी इझू द्यायची न्हाय. याला गारठा लागला तं माझ्याकडं धावत येऊ नका."

दुपारी त्या खोलीवरचं एक कौल सरकलं. सरकलेलं कौल आतून काठीने ढकलून बसवायचं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. माजघर आणि ती खोली यांमधली भिंत आढ्यापर्यंत जात नाही. मी शिडी लावून भिंतीच्या माथ्यावर घोड्यावर बसावं तसा बसलो आणि काठीने कौल उचललं. उचललं मात्र, वारा फटीत घुसला आणि खडखड करत अख्खा पट्टा गेला! वर उघडं आभाळ, खाली लेक, नातू आणि शेगडी.

"ठेवा ती काठी!" बायको ओरडली. "एक बसवायला गेलात आणि ओळ उडवलीत!"

तिने शेगडी कोपऱ्यात ओढली, लेकीला भिंतीशी सरकवलं आणि दोघांवर घोंगडी धरून उभी राहिली. राखीव कौलं मागल्या दारी होती, पण त्या वाऱ्यात छपरावर चढणार कोण?

"इरली!" बायकोच म्हणाली. "माळ्यावर इरली आहेत!"

लावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात ती, बांबूच्या कामट्यांवर पानं शाकारलेली. कुंपणापलीकडचा शेजारी आमचा आरडाओरडा ऐकून आला होता. माडावर चढणारा माणूस. मी त्याला इरली आणि सुंभ घेऊन वर बोलावलं. तो शिडीवरच अडखळला.

"काका, बाळंतिणीच्या खोलीत मी कसा येऊ?"

"छप्पर गेलं, आता खोली कसली?" बायको खालून म्हणाली. "मांडव आहे असं समज नि चढ!"

भगदाड सात हात लांब, रुंदी एका इरल्याची. इरलं तीन हातांचं, एकावर एक हातभर चढवायचं, म्हणजे तीन पुरणार. माळ्यावर चार होती. पहिलं मी सरळ वर ढकललं आणि वाऱ्याने ते हातातून असं खेचलं की मीच त्याच्याबरोबर जायचा!

"गेला तुमचा पतंग!" शेजारी हसला. "आडवा नका धरू, धारेवर धरा!"

उरली तीन. एकही जाऊन चालणार नव्हतं. आता इरलं उभं फटीतून बाहेर काढायचं, झटक्यात आडवं करून कौलांखालच्या लाकडी रिपांवर ओढायचं, आणि मी छातीचा भार देऊन लोंबकळत असताना त्याने गाठ मारायची. खालच्या अंगाचं आधी, मग त्याच्यावर दुसरं. पाणी कौलांवरून पुढे वाहू लागलं. तिसऱ्याला वारा दोनदा उलटवायला आला. शेगडीत थेंब पडून चर्र झालं, बायकोने एका हाताने घोंगडी आणि दुसऱ्याने फुंकणी धरली.

"बांध रे, बांध!"

"बांधलं, काका! सोडा हात!"

हात सोडायला मला धीर होईना. इरली थरथरत होती, पण जागची हलत नव्हती. खोलीत एकदम अंधारलं आणि त्या अंधारात निखारे लाल दिसले.

लेकीने पदराआड हात घातला. "कोरडा आहे, बाबा! ऊबही आहे!" आणि तेवढ्यात पोराने जो टाहो फोडला, तो वाऱ्याच्या आवाजातही ऐकू आला. चार दिवसांत असा रडला नव्हता.

"भूक लागली असेल, घे त्याला," बायको म्हणाली. लेक त्याला गप्प करू लागली, तर मीच भिंतीवरून ओरडलो, "रडू दे! मोठ्यानं रडू दे त्याला!"